दलदलीचा सम्राट आणि सासरेबुवा

"एक तास दे मला," चष्मेवाले बायकोला म्हणाले. "बाबा बोलायला लागले नाहीत तर नाव बदलीन."

नाव बदलायची तयारी माणूस सहसा तोंडघशी पडण्याच्या जरा आधीच दाखवतो, हे बायकोला सहा वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं. पण तिचाही नाइलाज होता. तिच्या वडिलांनी चाळीस वर्षं सोफे मढवले. हात थरथरायला लागले म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, आणि त्याच दिवशी तोंडालाही. लेकीकडे राहायला येऊन चार दिवस झाले होते. त्या चार दिवसांत ते "हो", "नको" आणि एकदा "पंखा" एवढंच बोलले होते. लेक स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

चष्मेवाले दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासत, पण त्यांचा जीव अडकला होता अंतराळयानाच्या एका जुन्या टीव्ही मालिकेत. सव्वीस कथा, प्रत्येकीचे चार भाग. सव्वीस डिस्क आकडे टाकलेल्या पांढऱ्या पाकिटांत घालून त्यांनी कपाटात ओळीने लावल्या होत्या. आणि ओळ आकड्यांची नव्हे, गुणांची! डाव्या टोकाला सर्वोत्तम कथा, 'शेवटचा दिवा'. उजव्या टोकाला, तोंड भिंतीकडे करून, 'दलदलीचा सम्राट'. ही खरं तर मालिकेची पहिलीच कथा, आणि इतकी रद्दड की तिच्यानंतर मालिका पुढे चालली कशी हेच आश्चर्य. आल्यागेल्याला चष्मेवाले मालिकेत एकूण पंचवीस कथा आहेत असंच सांगत.

"कुठली डिस्क कुठे, मला तोंडपाठ आहे. डोळे झाकून काढतो बघ," ते म्हणाले आणि खरोखरच डोळे झाकून त्यांनी डावीकडचं पहिलं पाकीट ओढलं. बायकोने बाबा येणार म्हणून कपाट पुसलं होतं आणि पाकिटं शहाण्या माणसासारखी एक ते सव्वीस लावून ठेवली होती, हे त्यांना कोण सांगणार?

पडद्यावर दलदल आली. बुडबुडे आले. मागचा डोंगर वाऱ्याने हलला. आणि चिखलातून सम्राट वर आला: हिरव्या मखमलीचा एक ढीग, डोळ्यांच्या जागी दोन बशा आणि पाठीवर स्पष्ट दिसणारी चेन. चष्मेवाले घाईघाईने रिमोट शोधू लागले.

"लव उलटी लावलीय," सासरे म्हणाले.

बायको हातातल्या उलथन्यासकट बाहेर आली.

चष्मेवाल्यांना मात्र त्यात फक्त मालिकेविरुद्धचा निकाल ऐकू आला. "मान्य आहे, बाबा. शरमेचीच गोष्ट आहे. आत्ता बंद करतो."

"मखमलीची लव सगळीकडे खालच्या दिशेला हवी. यांनी पुढून खाली घेतली आणि मागून वर. म्हणून पाठ वेगळ्या रंगाची दिसते."

"थांबा, तुम्हाला खरी मालिका दाखवतो!"

बायको डोळ्यांनी नको नको म्हणत होती. जगाचे डोळे तपासणाऱ्या या माणसाला घरच्या डोळ्यांतलं काही वाचता आलं नाही. त्यांनी डिस्क बदलली. 'शेवटचा दिवा'मध्ये दोन म्हातारे शास्त्रज्ञ ओसाड ग्रहावर बसून काळाबद्दल बोलत राहतात. चष्मेवाल्यांनी नेहमीच्याच जागी चष्मा काढून डोळे पुसले. त्यांनी वळून पाहिलं तर सासरे भिंतीकडे बघत होते.

"कसं वाटलं, बाबा?"

"पंखा," सासरे म्हणाले.

बायकोने चष्मेवाल्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. "महिन्याभराने माझे बाबा बोलले, आणि तुम्ही त्यांना गप्प केलंत."

"अगं, पण ती कथा वाईट आहे. लोक हसतात तिला."

"हसू देत. तुम्हाला मालिकेची अब्रू मोठी की माझे बाबा?"

उत्तर द्यायला चष्मेवाल्यांना क्षणभर वेळ लागला, हे कबूल केलं पाहिजे. पण बायकोचे भरलेले डोळे त्यांना या वेळी मात्र वाचता आले, आणि स्वतःचीच लाज वाटली. ते बाहेर आले.

"बाबा, तो हिरवा परत लावू का?"

"लावा," सासरे म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

मग काय विचारता! "जरा मागे घ्या, जावईबापू." "इथे थांबवा." "ही शिवण कुणी घातली? याला कात्री धरायला कुणी शिकवलं?" दुसऱ्या भागात त्यांनी खडू मागितला. तिसऱ्या भागात, सम्राटाचा पोशाख नीट शिवून दाखवायला, बैठकीच्या खोलीचा हिरवा पडदा उतरवला. थरथरत्या हाताने ते खुणा करत होते, लेक टाके घालत होती, आणि चष्मेवाले सुईत दोरा ओवून देत होते. चौथ्या भागात अंगावर मापं घ्यायला कुणीतरी लागलं. वीस वर्षं ज्या सम्राटाला चष्मेवाल्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं, तोच आता त्यांच्या अंगावर चढला.

"आता चालून दाखवा," सासरे म्हणाले. चष्मेवाले कपाटापर्यंत चालून आले. लेक हसता हसता खाली बसली, आणि सासरेही हसले.

संध्याकाळी सासऱ्यांनी आपणहून फोन उचलला आणि दुकानातल्या जुन्या कारागिराला लावला. चष्मेवाले अजून पडद्यातच होते. पाठीला टाचण्या होत्या, त्यामुळे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"अरे, जावयाकडे एक फार सुंदर मालिका आहे," सासरे सांगत होते. "उद्या ये बघायला. जावई माणूस चांगला आहे रे, पोरीला जपतो. फक्त त्याला त्या मालिकेतलं काही कळत नाही."