ओव्हाळांची डावलयादी

ज्यांना पुरस्कार मिळतो त्यांच्यापेक्षा ज्यांना मिळत नाही त्यांची संख्या नेहमीच मोठी असते, आणि लोकशाहीत मोठ्या संख्येकडे दुर्लक्ष करणं बरं नव्हे. हा विचार ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबल सांभाळणाऱ्या चांगदेव ओव्हाळांना १९८६ साली सुचला. कचेरीच्या वेळेत सुचल्यामुळे त्यांनी त्याची रीतसर नोंदही केली.

ओव्हाळ राहायला कोपरला. नाटकाचं वेड जबर. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कुठेही पडदा वर गेला की तो खाली येईपर्यंत ते खुर्चीत असत. (एकदा पडदा अडकला, तेव्हा सव्वा तास जास्त होते.) या तिन्ही गावांतल्या नाटकांसाठी ‘त्रिनगर नाट्यगौरव समिती’ दरवर्षी तीन नामांकनं जाहीर करी. ती कुणाला मिळणार यावर मार्च महिनाभर नाक्यानाक्यावर वाद चालत. ओव्हाळांनी दुसरं टोक धरलं. कुणाला मिळणार नाहीत, तेवढं सांगायचं.

पहिल्या वर्षी त्यांनी कोपरच्या वाचनालयाच्या फळ्यावर एकोणीस नावं लिहिली. वर मथळा : ‘खालील नाटके डावलली जातील, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.’ एकोणीसच्या एकोणीस डावलली गेली. दुसऱ्या वर्षी बत्तिसांपैकी एकतीस. (बत्तिसाव्याचं नाव टंकलेखकाच्या चुकीने नामांकनात आलं होतं, समितीने दुसऱ्याच दिवशी शुद्धिपत्रक काढलं. तेव्हा बत्तीसच धरावीत.)

लोकांना वाटे, यांचा समितीत कोणी माणूस आहे. तसं काही नव्हतं. त्यांचं शास्त्र होतं, आणि ते अनुभवातून आलेलं होतं. ज्या नाटकात परीक्षकाला झोप लागली त्याला नामांकन नक्की, कारण आपण झोपलो होतो असं लेखी कोण देणार? ज्याने परीक्षकाला जागं ठेवलं, ते गेलं. नाटककार डोंबिवलीतच राहत असेल तरी गेलं. परीक्षकांनी त्याला बाजारात पाहिलेलं असतं, आणि भेंडी मोडून बघणाऱ्या माणसाकडे प्रतिभा नसते असा संकेत आहे. प्रेक्षक हसले तर एक गुण वजा, परीक्षकाची बायको हसली तर दोन. मध्यंतराआधीच वडे संपले असतील, तर निर्मात्याने आशा सोडून घरी जावं.

१९८९ साली समितीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक शिवरामपंत लेले, स्वतः कोपरला आले. ओव्हाळांच्या पत्नी शालन यांनी चहा ठेवला. शिवरामपंतांचं म्हणणं थोडक्यात असं की, परीक्षक तीन, त्यांतल्या दोघांचे गुडघे गेलेले, आणि नाटकं चव्वेचाळीस. जी डावलायचीच आहेत ती बघत बसण्यात काय हशील? यादी आधीच हाती आली तर श्रम वाचतील.

“आपल्या यादीचा उपयोग आम्ही केवळ संदर्भ म्हणून करू,” ते म्हणाले.

ओव्हाळांना भरून आलं. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडून लोकांनी जावक क्रमांक घेतले होते. संदर्भ कोणी घेतला नव्हता.

त्या वर्षापासून यादीतली नाटकं परीक्षक पाहीनासे झाले, आणि ओव्हाळांचं भाकीत शंभर टक्के खरं ठरू लागलं. शास्त्र आणि प्रशासन हातात हात घालून चाललं की प्रगती अशी होते. पुढे समितीने आणखी एक पायरी वाचवली. ओव्हाळ नेमकी तीनच नाटकं यादीबाहेर ठेवत, तेव्हा ती तरी कशाला पाहायची? त्यांना घरबसल्या नामांकन मिळू लागलं. परीक्षकांची प्रकृती सुधारली. ‘ओव्हाळांच्या यादीत नसलेले नाटक!’ अशा जाहिराती लागू लागल्या. धोंडिबा तांबे नावाच्या एका दिग्दर्शकाचं नाटक फळ्यावर नाव लागताच बंद पडलं; त्याने ओव्हाळांना मुद्दाम गाठून आभार मानले. निदान कारण तरी कळलं, म्हणाला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, १९९३ साली चंद्रभागा नाखवा या बाईंनी नाटक केलं.

चंद्रभागा कोपरच्या बाजारात मासळी विकायची. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या अकरा बायका तिने जमवल्या, स्वतः नाटक सांगितलं, भाचीने ते लिहून घेतलं. नाव ‘खाडीपलीकडची सासू’. रविवारी दुपारी कल्याणला प्रयोग झाला. ओव्हाळ आणि शालनबाई गेले. पहिल्या अंकात ओव्हाळांच्या हातातली पेन्सिल खुर्चीखाली पडली, आणि ती उचलायला वाकलो तर काहीतरी बघायचं राहील म्हणून ते वाकले नाहीत. ते इतके हसले की पुढच्या माणसाने दोनदा वळून पाहिलं. शेवटी शालनबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता.

घरी येऊन त्यांनी शास्त्र मांडलं. झोपलेलं कोणी नाही. नाटककार बाजारात दिसते एवढंच नव्हे, बसतेच तिथे. हसण्याने पंखे थरथरले होते. वडे पहिल्या अंकातच संपले होते. सात वर्षांत डावललं जाण्याच्या इतक्या लायकीचं नाटक आलं नव्हतं. यादीत त्याचा पहिला नंबर होता.

शालनबाई म्हणाल्या, “अहो, तुम्ही लिहिलंत तर ते बघायला येणारच नाहीत.”

“आणि नाही लिहिलं तर न बघता नामांकन देतील,” ओव्हाळ म्हणाले.

“मग द्या की मिळू एकदा. तिचं काय वाईट होणारेय?”

ओव्हाळांनी ते नाव लिहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खोटी नोंद केली होती. तीन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

पण शासकीय माणूस एकदा भावनेच्या आहारी गेला की बेरीज चुकते. नेहमीची तीन नाटकं तशीच ठेवून त्यांनी हे चौथं यादीबाहेर ठेवलं होतं. नामांकनं तीन, नाटकं चार. समितीची तातडीची बैठक झाली आणि नाइलाजाने नाटकं पाहण्याचा ठराव मंजूर झाला. (एका परीक्षकाला नाट्यगृहाचा पत्ता विचारावा लागला.) तिघांनी चारही पाहिली. तीन झोपून, चौथं जागेपणी.

नामांकनं उरलेल्या तीन नाटकांना मिळाली. चंद्रभागेच्या नाटकापुढे शेरा होता : ‘प्रेक्षकांच्या हसण्यामुळे संवाद ऐकू आले नाहीत, सबब मूल्यमापन करता आले नाही.’

म्हणजे शास्त्र बरोबर ठरलं आणि ओव्हाळ चुकले. फळ्यापुढे गर्दी जमली. वाचनालयाचे विठ्ठलकाका म्हणाले की तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. टिटवाळ्याहून एक गृहस्थ खास भेटायला आले आणि घरात कोणी गेल्यासारखं सांत्वन करून गेले. यादीतून एक नाव सुटलं, याचं दुःख सर्वांना होतं. नाटक कसं होतं, हे कोणीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हाळ पिशवी घेऊन मासळी बाजारात गेले. चंद्रभागा बोंबील साफ करत होती. त्यांनी उभ्या उभ्या सगळं कबूल केलं : यादी, समिती, खोटी नोंद, आणि आपल्यापायी दीडशेच्या वर नाटकं कोणी न बघताच निकालात निघाली ते. चंद्रभागेने सगळं ऐकून घेतलं.

“ती समिती न् बिमिती तुमची तुमी बघा,” ती म्हणाली. “तुला नाटक आवडला का नाय, ता सांग.”

ओव्हाळांनी पिशवी खाली ठेवली. मग पहिल्या प्रवेशापासून त्यांनी सांगायला सुरुवात केली. कुठे हसू आवरलं नाही, कुठे शालनबाईंनी पदर डोळ्यांना लावला, कुठली बाई कुठे चुकली आणि चुकली म्हणूनच कशी बहार आली. चंद्रभागेची विळी थांबली. गिऱ्हाइकं खोळंबली. मधेच ती हसली, मधेच तोंड फिरवून बसली. त्या दिवशी ओव्हाळ कचेरीत एक तास वीस मिनिटं उशिरा पोचले आणि उशिराचं कारण या रकान्यात त्यांनी ‘नाटक’ असं लिहिलं.

पुढल्या वर्षी त्यांनी यादी केली नाही. आपल्याला आवडलेल्या नाटकांबद्दल ते फळ्यावर चार ओळी लिहू लागले. त्या वाचायला फारसं कोणी थांबत नाही.

आता, त्या सकाळी ओव्हाळांनी चंद्रभागेला जे सांगितलं त्यातलं काहीही, म्हणजे ती सासू कोण होती, खाडीपलीकडे का गेली, परत आली की नाही, हे वर कुठेही आलेलं नाही. नामांकन मिळतं की नाही, हे मात्र आपण इथवर नेटाने वाचत आलात. समितीत परीक्षकाची एक जागा रिकामी असल्याचं कळतं. आपण अवश्य अर्ज करावा.