मामांचा वरचा आकडा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असं कोणी विचारलं, तर मी न थांबता किसनमामांचं नाव घेतो. अमडापूरला त्यांचा मिरची-वांग्यांचा मळा. मामी लवकर गेल्या, मूलबाळ नाही. मामांनी मला शिकायला ठेवून घेतलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्यांच्या हातच्या भाकरीवर.

गावात मात्र मामा प्रसिद्ध होते ते रक्तदाबासाठी.

दुसरा नंबर त्यांना सोसतच नसे. वांगं त्यांचंच मोठं, बैल त्यांचाच उंच, भाचा त्यांचाच बी.एस्सी. त्यामुळे बाजाराच्या दिवशी येणाऱ्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, पारा चढवला आणि वरचा आकडा एकशे नव्वद, खालचा एकशे दहा असं सांगितलं, तेव्हा मामा छाती पुढे काढून बाहेर आले. शेजारच्या मळ्यातल्या शालिग्रामकाकांचे एकशे चाळीसच भरले होते. मामांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"मन लहान करू नको, शालिग्राम. पुढच्या बाजारी तुलेही भेटतीन."

खालचा आकडा ते सांगतच नसत. टोपलीच्या तळाशी किडकी वांगी असायचीच, ती काय लोकांना दाखवायची?

मीठ कमी करा, रोज गोळी घ्या, हे डॉक्टरांचं सांगणं त्यांना निव्वळ जळकेपणाचं वाटलं. ठेच्यावर वरून मीठ पडतच राहिलं. मी तेव्हा मोताळ्याला शाळेत विज्ञान शिकवू लागलो होतो. मामा चक्कर येऊन मळ्याच्या धुऱ्यावर बसले, असा शालिग्रामकाकांचा निरोप आला आणि मी पहिली एस.टी. धरली.

पोचलो तर मामा विहिरीवर मोट हाकत होते. रागवून उपयोग नव्हता. मोटेचं पाणी थारोळ्यात पडून दांडाने मळ्यात जात होतं. मी थारोळ्यापाशी उभा राहिलो.

"मामा, काळीज म्हंजे मोट, नस म्हंजे दांड. मोट रिकामी झाली का दांडात पाणी जोर करते, तो वरचा आकडा. बैल माघारी येतात, तवा दांडात जो जोर उरते, तो खालचा. तुमच्या दांडाले बैल माघारी आल्यावरही उसंत नाही."

मामांनी बैल थांबवले आणि दांडाकडे पाहिलं. "मंग दांड फुटन."

"हाव."

"फुटाच्या आंधी काही समजत नाही काय?"

"समजत नाही. म्हणूनच मोजाचं."

दुसऱ्या दिवसापासून गोळी सुरू झाली. लोणच्याची बरणी शालिग्रामकाकांकडे गेली. मी दर रविवारी जाऊन डॉक्टरांनी लिहिलेला आकडा पाहत होतो. आकडा एकशे तीसवर आला, तशी मामांनी फुशारकीही उलटी फिरवली. शालिग्रामपेक्षा दहा कमी, असं ते आता पारावर सांगत. मी निश्चिंत झालो. पुढे शाळेच्या परीक्षा आल्या आणि मी पोस्टकार्डांवर भागवू लागलो.

परीक्षा संपवून गेलो, तर आकडा पुन्हा एकशे ऐंशी. गोळ्यांची बाटली भरलेली. बरं वाटलं तरी गोळी सोडायची नसते, हे मी त्यांना कितीदा सांगितलं होतं. या वेळी मी खरंच चिडलो. मामा खाली बघून चुलीतलं लाकूड सारत राहिले.

"आकडा चढला का तू येतं," ते म्हणाले. "उतरला का तुहं कार्ड येते."

मामांनी माझ्या ताटात भाकर वाढली. मोताळ्याला परतल्यावर मी त्यांना पत्र टाकलं.

"तीर्थस्वरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

आज वर्गात रक्ताभिसरण शिकवलं. फळ्यावर काळीज काढण्याआधी तुमची विहीर काढली, मोट काढली, दांड काढला. पोरांनी विचारलं, विहीर कोणाची? मी तुमचं नाव सांगितलं, आणि मला कोणी शिकवलं तेही सांगितलं.

रविवारी येतो. आकडा चढो की उतरो, दर रविवारी येतो. ठेचा माझाही बिनमिठाचा वाटा. गोळी मात्र चुकवू नका, कारण आता दर सोमवारी अख्खा वर्ग मला विचारणार आहे, सर, मामांचा दांड कसा आहे?

आपला,
गणेश"