परशराम भावजी आणि ओ देणारी भांडी

परशराम भावजी घराबाहेर पडले की त्यांचं पुढचं दार ओरडतं. छत्रीसाठी एकदा, चष्म्यासाठी एकदा, कोयत्यासाठी एकदा. भावजी उंबऱ्यात कान देऊन उभे राहतात आणि यातली एखादी वस्तू ओरडली नाही तर परत आत जाऊन ती शोधतात. असं करता करता रामनगरची बस त्यांच्या डोळ्यांदेखत निघून जाते. बस चुकल्याचं त्यांना काही वाटत नाही. “वैनी, बस गेली ती दिसली तरी. चष्मा कुठं गेला हे दिसंना झालं असतं तर?”

मी त्यांच्या शेजारची. माझे यजमान त्यांचे चुलतभाऊ, म्हणून मी वैनी. आमची वाडी कुंभारवाड्याच्या रस्त्याला, रानात. दहा घरं इथं, पाच घरं तिथं. मी अंगणवाडी चालवते. संध्याकाळी सगळी पोरं ज्याच्या त्याच्या घरी गेली की माझं काम संपलं. कोण गेलं, कोण राहिलं हे कळायला मला ओरडणारं दार लागत नाही.

भावजी तरुणपणी वाडी सोडून बेळगावला गेले ते म्हातारे होऊनच परतले. तिकडं विमानांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. लग्न राहूनच गेलं. येताना त्यांनी एक ट्रंक, एक जुना कॉम्प्युटर आणि कारखान्यानं भंगारात काढलेलं, आता दाराला लावलेलं ते ओरडणारं यंत्र आणलं. बरोबर स्टिकरसारख्या चिकट्यांचं एक मोठं भेंडोळं. त्या चिकट्यांना ते टॅग म्हणतात; छत्रीला, चष्म्याला, कोयत्याला एकेक लावलेली आहे.

“विमानाचा एक बारका ब्रॅकेट घ्या,” भावजी सांगू लागतात. हातात चहाची बशी असली तर तीच ब्रॅकेट होते. “आमच्यात कापला. तितनं भट्टीला दुसऱ्या कारखान्यात. तितनं मुलाम्याला तिसऱ्याकडं. मग तपासणी, मग परत आमच्यात, मग विमान जोडत्यात तिथं. मधी कुठं अडकला की झालं! हे म्हणणार पाठवलाय, ते म्हणणार आला न्हाई. आन् तिकडं आख्खं विमान बसलंय वाट बघत.”

“मग?”

“मग टॅग आलं. दर ट्रेला एक टॅग, दर दाराला टॅग वाचणारा एक रीडर. ट्रे दारातनं गेला की कळलं. जागेवर बसून दिसायचं, आत्ता भट्टीत हाय, आत्ता मुलाम्याला गेला.”

“ह्या चिकटीत सेल कुठं घालायचा?”

“सेल न्हाई वैनी. दार रेडिओच्या लाटा सोडतंय. त्याच ताकदीवर टॅग आपलं नाव सांगतंय. दारानं हाक मारली, टॅगनं ओ दिली.”

“रेडिओ म्हणजे गाणी?”

“गाणी न्हाईत ओ!”

गाणी नसलेला रेडिओ, सेल नसलेली चिकटी आणि ओ देणारा ब्रॅकेट. मी घरी येऊन यजमानांना समजावून सांगायला बसले आणि दोघांचाही गोंधळ झाला.

हे सगळं त्यांच्या छत्रीचष्म्यापुरतं राहिलं असतं तर वाडीनं हसून सोडून दिलं असतं. पण मध्येच वाडीच्या भांड्यांचा प्रश्न आला. आमच्याकडं लग्नाबारशाला लागणारी मोठी भांडी सगळ्या वाडीची मिळून असतात. टोप, पराती, कढया, झाकणं. ती एका घरी ठेवतात, आणि ज्याच्या घरी ठेवतात त्या घराला मान असतो. ज्यांच्याकडं होती ते मुलाकडं दांडेलीला राहायला गेले, तेव्हा भावजींचं घर मोकळं आणि ऐसपैस म्हणून भांडी त्यांच्याकडं आली. भावजी त्या दिवशी नवा सदरा घालून दारात उभे होते. मला वाटलं घरात पूजा आहे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भांड्यांना टॅग लावायला घेतले. धातूवर टॅग मुका होतो म्हणे. म्हणून मध्ये रबराचा तुकडा घालून तो कडीला बांधायचा. वाडीतल्या जुन्या हवाई चपला त्या आठवड्यात पटापट गायब झाल्या. सगळी भांडी पुढच्या दारातून आतबाहेर करून त्यांनी प्रत्येकाला ओ द्यायला लावली. वाडीतले कुत्रेसुद्धा त्या दिवशी भुंकून दमले.

आणि मग भिवाअण्णांच्या घरी लग्न निघालं. भिवाअण्णा म्हणजे आमच्या वाडीचे कारभारी. चार गडी घेऊन ते मोठे टोप न्यायला आले. भावजींनी ऐटीत कॉम्प्युटर उघडला. “सगळी भांडी घरात हायती अण्णा. एक बी बाहेर न्हाई.” गडी आत गेले आणि एक परात व दोन झाकणं घेऊन बाहेर आले.

“बाकीची?”

“घरातच हायती,” भावजी म्हणाले. त्यांनी कॉम्प्युटरकडं बघितलं, परातीकडं बघितलं, पुन्हा कॉम्प्युटरकडं बघितलं. त्यांचा चेहरा पाहून मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

त्याच संध्याकाळी देवळासमोर वाडी जमली. भिवाअण्णा तापले होते. “यंत्र लावून बसलाय आन् भांडी कुठं हायती ते म्हाईत न्हाई! भांडी माझ्या घरात ठेवतो, कुलपात. ज्याला पायजे त्यानं मला इचारून न्यावं.”

भावजी खाली मान घालून म्हणाले, “चुकी माझी हाय.”

आता मला राहवेना. भांडी कुठं होती ते प्रत्येक बाईला ठाऊक होतं. एक टोप माझ्याच चुलीवर होता. आमच्याकडं पुढच्या दारानं पाहुणा येतो, नवरी येते, ग्रामसेवक येतो. भांडं न्यायला बाई परसातून मागच्या दारानं जाते, आणि ओळखीचं घर असलं तर विचारायलाही थांबत नाही. भावजींनी यंत्र लावलं पुढच्या दाराला, कारखान्यातल्यासारखं. मागच्या दारानं गेलेल्या भांड्याला हाक मारणार कोण?

मी उठून हे सांगितलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. भिवाअण्णाही जरा निवळले.

“मग सोपं हाय परशा. यंत्र मागच्या दाराला लाव. कोण काय नेतंय कळू दे. भांडी ऱ्हाऊ देत तुझ्याकडं.”

मी सुटकेचा निःश्वास टाकला. मान राहिला, यंत्र राहिलं, सगळं जागच्या जागी आलं. पण भावजी हळूच म्हणाले, “भांडी तुम्हीच न्या अण्णा.”

सगळे एकमेकांकडं बघू लागले. मला तर त्यांचा रागच आला. दुसऱ्या दिवशी घरोघरची भांडी गोळा होऊन भिवाअण्णांच्या कुलपात गेली, आणि मी परसातून तडक भावजींच्या स्वयंपाकघरात शिरले.

“एक यंत्र ह्या दारावरनं त्या दारावर न्यायचं हुतं! जड झालं काय?”

भावजी चुलीपाशी बसले होते. “मला म्हाईत हुतं वैनी. बायका मागनं येत्यात ते पयल्या दिसापास्नं म्हाईत हुतं.”

“मग यंत्र तिथंच का न्हाई लावलं?”

“कारखान्यात इतकी वरसं काढली. माझ्या स्टोअरमधनं सही केल्याबिगर एक नट गेला न्हाई. खोलीवर तर कोण यायचंच न्हाई. हितं आलो तर बायका मागनं येऊन, न इचारता, हातानं घेऊन जायला लागल्या. मी आतल्या खोलीत पडून आवाज ऐकायचो. मला वाटायचं, म्हंजे ह्या मला घरचा धरत्यात. तिथं यंत्र वरडलं असतं तर त्या चोर ठरल्या असत्या.”

“पण भांडी गेली. आता कोण येणार?”

“न्हाई येणार,” भावजी म्हणाले. “पर आलत्या, ते तर खरं ऱ्हाईल न्हवं?”

माझा गोंधळ आयुष्यात पहिल्यांदा संपला आणि मला तो परत हवासा वाटला. डोळे पुसायला मी पाठ फिरवली. समोर खिळ्याला त्यांची किसणी लटकत होती. मी ती काढली आणि न विचारता मागच्या दारानं घरी आले.

माझ्या घरी किसणी आहे. चांगली धारेची आहे.