खडकदऱ्याचा समुद्र

पाथर्डीकडच्या कोरड्या पट्ट्यातील खडकदरा या गावी समुद्र नाही. ही गोष्ट गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार असे ती प्यायच्या पाण्याची, आणि ते उन्हाळाभर टँकरने येई.

गावाबाहेरच्या माळावर मात्र समुद्रकाठची हवेली आहे. इंग्रजी अमलात कोणा कॅप्टनसाहेबाने विलायतेहून वडिलांच्या हवेलीचा नकाशा मागवून ठेकेदाराच्या हाती दिला. ठेकेदार नियमाने चालणारा माणूस. नकाशात होते ते सगळे त्याने बांधले: खाऱ्या वाऱ्याला तोंड देणाऱ्या जाड भिंती, लांबलचक सज्जा, खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, बोटी लागायचा धक्का आणि धक्क्याला लोखंडी कड्या. समुद्र ठेक्यात धरलेला नव्हता, तेवढा राहून गेला. पुढे साहेब गेला, स्वराज्य आले आणि कड्यांना अजिनाथतात्यांच्या शेळ्या आल्या.

गेल्या वर्षी हवेली पुण्याच्या हर्षलशेठ बिल्डरने घेतली. तिचे आलिशान फ्लॅट करायचे ठरले. वास्तू ऐतिहासिक असल्याने अर्ज वारसा समितीपुढे गेला. समितीने मूळ नकाशा मागवला, सखोल चर्चा केली, चहा घेतला आणि परवानगी दिली. अट एकच, वास्तूचे सागरी स्वरूप अबाधित राखावे.

हर्षलशेठला गगन ठेंगणे झाले. दुसऱ्याच दिवशी नगर-पुणे रस्त्यावर फलक लागले: ‘शासनमान्य समुद्र! गोव्यापेक्षा जवळ!’

एका टेबलाने समुद्र मान्य केल्यावर दुसऱ्या टेबलाने तो नाकारायला काही आधारच उरला नाही. माळावर बाभळींच्या मध्ये पाटी आली: ‘भरतीच्या वेळी पाण्यात उतरू नये.’ शिट्टीवाले दोन जीवरक्षक आले. आणि किनारपट्टीवरील गाव टंचाईग्रस्त असू शकत नसल्याने टँकर बंद झाला.

सरपंच सत्यशीलाताई कचेरीत गेल्या. टंचाईचे टेबल अमृतरावांकडे होते.

“साहेब, आमचा टँकर बंद केलाय.”

“ताई, समुद्रकाठच्या गावाला टँकर दिला तर मी वर काय तोंड दाखवू?”

“अहो, समुद्र हाय कुठं?”

“तुमच्या गावात.”

“न्हाई हो!”

“तुम्ही प्रथम नागरिक. स्वतःच्या गावाबद्दल असं नकारात्मक बोलू नये.”

तरीही अमृतराव मनाने चांगले. ते स्वतः पाहणीला आले. धक्क्यावर उभे राहून त्यांनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ क्षितिज न्याहाळले. समोर कुसळे होती. शेजारी अजिनाथतात्या शेळ्या सोडत होते.

“बाबा, पाणी साधारण किती वाजता येतं?”

“टँकर यायचा तवा यायचं. आता येतच न्हाई.”

अमृतरावांनी पंचनाम्यात लिहिले: ‘पाहणीच्या वेळी ओहोटी होती.’

“लई लांबली की वो ओहोटी,” तात्या म्हणाले. “माझ्या आज्यापासून हीच चाललीय.”

“म्हणजे भरतीही तशीच मोठी येणार. शेळ्या उंचावर बांधा.”

ग्रामसभा तापली. लंकाबाई कोसभरावरून पाणी आणून नुकतीच टेकली होती. ती म्हणाली, “सरपंचबाई, समुद्र न्हाई असं सांगून काय मिळालं? माझं ऐक, हाय म्हन. पन आटलाय म्हन!”

असा हशा पिकला की शाळेचे पत्रे वाजले. अर्ज तिथल्या तिथे लिहिला गेला: ‘आमचा समुद्र आटला असून ऐतिहासिक वारशास धोका निर्माण झाला आहे.’

माणसे तहानली म्हटले असते तर प्रस्ताव वर गेला असता, खाली आला असता. वारसा तहानला म्हटल्यावर चौथ्या दिवशी टँकरची रांग लागली. हर्षलशेठने पायऱ्यांखाली शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि धक्क्यावरून धो धो समुद्र सुटला. हंडे, कळशा, ड्रम, दुधाच्या किटल्या घेऊन अख्खे गाव किनाऱ्यावर लोटले. जीवरक्षक शिट्ट्या फुंकत “लाटांपासून लांब!” ओरडत होते. बायका त्यांनाच हंडा उचलून डोक्यावर द्यायला लावत होत्या. तात्यांनी धक्क्याच्या कडेला मेथीचा वाफा केला. कितीतरी वर्षांनी लंकाबाईने दुपारी झोप काढली.

फ्लॅटही खपले. पहिला ताबा मिळाला पुण्याच्या निकिताताईंना. त्या उत्साहाने पायऱ्या उतरल्या, ओंजळ तोंडाशी नेली आणि किंचाळल्या, “हा समुद्र गोडा आहे!”

तक्रार गेली. अमृतराव धावत आले. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावले. चेहरा उतरला.

“हे पाणी पिण्यायोग्य आहे,” ते म्हणाले. “अत्यंत गंभीर बाब आहे.”

त्याच आठवड्यात मिठाचे ट्रक आले. मेथी जळाली, शेळ्यांनी तोंड फिरवले.

“साहेब, आता आमी पिऊ काय?” सत्यशीलाताईंनी विचारले.

“ताई, कमाल करता. समुद्राचं पाणी कुणी पितं का?”

आता प्रश्न राहिला फ्लॅटवाल्यांचा. समुद्र असला तरी त्यांना प्यायला गोडे पाणी लागणारच, हे कोणालाही पटेल. पूर्वी खडकदऱ्याला येणारा टँकर त्यांच्याकडे लावण्यात आला. उरल्या खेपा शहरातल्या सोसायट्यांना मिळाल्या. टँकर तोच, ड्रायव्हर अलीम तोच, रस्ताही गावातूनच. फक्त थांबायचे नव्हते.

पहिल्याच दिवशी लंकाबाई रिकामा हंडा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

“मावशी, बाजूला व्हा ना,” अलीम खिडकीतून म्हणाला. “लोक खोळंबलेत.”

“आमी कोन मंग?”

अलीमने मान खाली घातली. “मावशी, तुमी किनारपट्टी.”

लंकाबाई हलली नाही. ती रोज तशीच उभी राहते. दोन जीवरक्षक येतात, समजूत काढतात, हाताला धरून तिला कडेला नेतात; बुडणाऱ्याला बाहेर काढल्याची नोंद होते आणि टँकर पुढे निघतो. यात थोडा वेळ जायचाच.

तेव्हा आज सकाळी टँकरला उशीर झाला म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही जे रागारागाने लिहिलेत, ते मागे घ्या. आंघोळ उरकून घ्या. पाणी वर चढले आहे.