गलबतांचे चित्र आणि बेहजत एफेंदींची साक्ष

श्री. जो आपण निराकार असोन सर्व आकार ज्याचे, त्यास प्रथम नमन करोन हे वर्तमान लिहिले आहे. शके अठराशे एकावन्न, शुक्लनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी रूमचे, म्हणजे तुर्कांचे, राज्यात जे घडले ते ऐसे. जुनी पातशाही बुडाली आणि नवे सरकार तख्तावाचोन राज्य करू लागले, आणि त्या सरकारचे मनी बहुत होते की आपला मुलूख फिरंग्यांचे बरोबरीस यावा. मग गोंड्याच्या लाल टोप्या गेल्या, काठाच्या टोप्या आल्या, आणि मागाहून हुकूम सुटला की, उजवीकडोन डावीकडे जाणारी जुनी अक्षरे बंद, आजपासोन फिरंगी वळणाची नवी अक्षरे लिहावी. जो चारचौघांत जुने अक्षर मांडील त्यास तीन महिने कैद, आणि सरकारी चाकर असेल तर त्याची चाकरीही गेली. हुकूम होताच बाजारातील पाट्या उतरल्या आणि लेखणीवाल्यांची आळी ओस पडली.

त्या आळीत बेहजत एफेंदी म्हणोन खुशनवीस होते. एफेंदी म्हणजे आपल्याकडे पंत म्हणतात तैसे. सुंदर अक्षर काढणे हाच त्यांचा धंदा आणि हीच त्यांची उपासना. त्या विद्येत अक्षराचे माप ठिपक्याने घेतात, बोरूचे टोक टेकवोन जेवढा ठिपका उमटतो तेवढे एक माप, आणि कोणते अक्षर किती ठिपके उंच व किती ठिपके रुंद हे ठरलेले. एफेंदी मापाचे ऐसे कडक की, पूर्वी खासा शाहजादा शिकावयास आला असता त्याची एक रेघ अर्धा ठिपका उणी भरली, म्हणोन त्यास सनद देईनात. "रेघ राजाची असो की रंकाची, उणी ती उणीच," ऐसे तोंडावर बोलिले, आणि शहरात त्यांचा शब्द म्हणजे दगडावरील रेघ ऐसी ख्याती जाहली. आता हात रिकामे. दुधवाल्याने नव्या अक्षरांची पाटी लिहावयास सांगितली, ती तीन वेळ काढोन तीन वेळ पुसली आणि रंग परत पाठवला.

त्यांस एक कन्या, नाव सेनिहा. ती लहानपणी बोरू मागे, तेव्हां बाप म्हणत, "तुझा हात उतावळा, हे तुझे काम नव्हे," आणि शिकविले नाही. मग ती चित्रशाळेत गेली, आणि सरकारने तिला पॅरिसास धाडली, आणि तीन वर्षांनी ती परतली तो नवी तऱ्हा घेवोन आली. तिचे चित्रात माणसाचे तोंड फुटल्या आरशात दिसावे तैसे तुकड्यातुकड्यांनी दिसे. सरकारने तिला मुलींचे शाळेत चित्रे शिकवावयास नेमले, परंतु सरकारी प्रदर्शनाचे पंचांनी तिची चित्रे परत केली. म्हणाले, "हे सारे पॅरिसचे. आम्हांस नवे पाहिजे, पण आपले पाहिजे." सेनिहाबाई घरी येवोन बहुत रडल्या, आणि मग दार लावोन तीन महिने एकाच पटावर काम करीत राहिल्या. बापाने विचारले नाही, लेकीने दाखविले नाही.

मार्गशीर्षी पुढले प्रदर्शन मांडले, त्यात पंचांनी तो पट घेतला. उघडावयाचे दिवशी सकाळी शेवकेत बे, बे म्हणजे आपल्याकडील राव, या नावाचे सरकारी तपासनीस दालने पाहात चालिले, ते सेनिहाबाईंचे पटापाशी थबकले. पट पुरुषभर उंच, पिवळ्या मातीचे रंगावर सात काळी वळणे एकात एक गुंतलेली, मधोमध लाल आणि राखी रंगाचे तुकडे बसविलेले, आणि खाली नाव, 'बंदरातील गलबते'. शेवकेत बे म्हणाले, "हे गलबत नव्हे. हे वाव आहे." वाव म्हणजे जुन्या लिपीतील अक्षर, वाटोळे डोके, वाकलेली मान, खाली लांब शेपूट. सेनिहाबाई म्हणाल्या, "गलबत आहे. हे पुढले नाळेचे टोक, ही मागली सुकाणूची बाजू." पंचांत कोणी म्हणे अक्षर, कोणी म्हणे चित्र. तेव्हां शेवकेत बे म्हणाले, "वाद कशास? ज्याने शाहजाद्यास सनद दिली नाही तो लेकीसही सोडणार नाही. बोलवा बापाला." आणि शिपाई गेला.

बेहजत एफेंदी आले. दालनात पाऊल ठेविताच सात वळणे दिसली आणि त्यांचे पाय जागीच राहिले. शेवकेत बे म्हणाले, "एफेंदी, आपले पांढरे केस पाहोन विचारतो. हे अक्षर आहे की नाही? आणि खोटे बोलाल तर दोघेही आत जाल, हेही सांगोन ठेवतो." एफेंदी म्हणाले, "नुसते पाहोन मी कधी बोललो नाही. कागदाची पट्टी द्या." पट्टी आणिली. ती चित्रातील फराट्याचे रुंदीइतकी कापली, तो एक ठिपका धरिला, आणि पहिले वळण मोजू लागले. डोके बरोबर आले. मान बरोबर आली. शेपूट मोजले, केसाचाही फरक नाही. मग दुसरे, मग तिसरे. सातवे वळण तिने उलटे घातले होते, आरशातले, तेही ठिपक्यास ठिपका भरले. आजवर ऐसे वाव एफेंदींचे स्वतःचे हातोन दोन वेळा उतरले असेल नसेल. मान वळवोन लेकीकडे पाहिले. ती वाचवा म्हणत नव्हती. तिचे डोळे एवढेच विचारीत होते की, बाबा, साधले का? आता खरे बोलावे तर लेक तुरुंगात, शाळा गेली, चित्र जाळतील. खोटे बोलावे तर जी लहानपणी दूर लोटली तिला आज भरल्या सभेत दुसऱ्यांदा लोटणे.

शेवकेत बे म्हणाले, "बोला."

एफेंदी म्हणाले, "हे अक्षर नव्हे."

"नीट सांगा. कागदावर लिहोन घेतो आहे."

"मान आखूड आहे, शेपटाला तोल नाही. माझे शिष्याने हे आणिले असते तर मी फाडोन टाकिले असते. ज्याला अक्षर येत नाही त्याने काढलेले गलबत आहे हे." ऐसे बोलिले, आणि पट्टी मुठीत चुरगाळली. पंच हसले. शेवकेत बेंनी लिहिले ते वाळू टाकोन सुकविले, आणि चित्र भिंतीवर राहिले. सेनिहाबाईंचा चेहरा मात्र उतरला, आणि त्या बापाकडे न पाहता निघाल्या.

मग एफेंदी मागोमाग धापा टाकीत धक्क्यापर्यंत गेले. बाईंनी वळोन विचारले, "मान कोठे आखूड होती? तुमची जुनी पाने पेटीतोन काढोन मी तीन महिने मोजीत होते. कोठे चुकले ते तरी सांगा."

"कोठेही नाही."

"मग?"

"एक ठिपका चुकला नाही, पोरी. मी खोटे बोललो. असे मला साधते तर मी आयुष्यात दुसरे काही मागितले नसते."

बाई पाण्याकडे पाहोन म्हणाल्या, "हे चारचौघांत कधी सांगता यायचे नाही?" एफेंदी म्हणाले, "नाही." तेव्हां लेकीने म्हाताऱ्याचा हात धरिला, आणि नाव लागली तीत दोघे बसोन गेली.

पुढे ते चित्र सरकारनेच घेतले आणि एका मोठ्या कचेरीत, अर्जदार बसतात त्या दालनात लाविले. तेथे खेड्यापाड्यांतील म्हातारी माणसे अर्ज घेवोन येत, तासच्या तास बाकावर बसत, आणि वर नजर जाताच एकदम सावरोन बसत, शेजाऱ्याकडे पाहात, शेजारीही पाहात, आणि दोघेही खाली मान घालीत. आपण काय ओळखिले ते कोणी कोणास सांगितले नाही. शेवकेत बेही त्या दालनातोन रोज जात.

एवंच रूमचे राज्यात नवे चित्र आले ते या रीतीने आले. बेहजत एफेंदी सहा वर्षांनी वारले, सेनिहाबाईंनी बहुत चित्रे काढिली आणि बहुत मुलींस शिकविले. ज्याने हे ऐकिले त्याने सांगितले, आणि सांगितले तितके येथे उतरले.