शेवटच्या जोडाचा व्हिडिओ

"पाच मिनिटांचं काम आहे!" क्षिप्राने जाहीर केलं. ऐकायला घरात कोणी नव्हतं, पण आत्मविश्वास असला की श्रोते लागत नाहीत.

चौलच्या वाडीत, मागच्या पडवीत, तिचे वडील, दादा, पोलादी हातमोजे घडवत. अंगावर चिलखत चढवून जुन्या काळच्या लढाया खेळणारे हौशी लोक परदेशात आहेत, त्यांच्यासाठी. बोटांवर पोलादाचे खवले, मनगटाला चामड्याचा पट्टा आणि बक्कल. दादांना जाऊन तीन महिने झाले होते. हा त्यांचा शेवटचा जोड. जर्मनीच्या गिऱ्हाइकाची अट एकच: दोन्ही मुठी मिटतात याचा व्हिडिओ आधी पाठवा. तो पसंत पडला नाही, तर जोड इथेच खाऱ्या वाऱ्यात गंजणार. आणि दादा तर म्हणायचे, "लोखंड खेळायला गेलं पाहिजे. भिंतीवर टांगायला कॅलेंडरं आहेत!"

कुरिअरवाला अल्पेश अकराला येणार होता. क्षिप्राने मोबाइल नारळांच्या ढिगाला टेकवून कॅमेरा चालू केला. डावा हातमोजा चढवला, बक्कल लावलं. उजवा चढवला, पट्टा दातांनी आवळला. मुठी मिटल्या. काय मिटल्या! नारळ फुटला असता!

मग ते काढायची वेळ आली.

पोलादी बोटांना बक्कल धरता येईना. दातांनी ओढावं, तर पट्टा आणखी आवळे. आजवर अशा व्हिडिओंत हातमोजे दादा घालायचे आणि त्यांची बक्कलं क्षिप्रा सोडायची. या कामाला दोन माणसं लागतात, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

मदतीला कोणी दिसतं का बघायला ती दोन्ही हात पुढे धरून पायरीवर आली.

इतक्यात मासळीवाली सगुणा फाटकात आली. "अगो बाय! दोन्ही हात मोडलं!"

"मोडले नाहीत, मावशी, अडकलेत..."

पण सगुणाची हाक कुंपणापलीकडे पोचली होती. शेजारचे रामचंद्रकाका तिला अलिबागच्या दवाखान्यात न्यायला रिक्षाच घेऊन आले! पाठोपाठ अल्पेश. काका डाव्या हाताला, अल्पेश उजव्या हाताला आणि मध्ये क्षिप्रा, रस्सीखेचीतल्या दोरासारखी.

"ताई, पार्सलमध्ये हातपण जाणार का?"

"सरक रे! मी ग्राइंडर आणतो," काका म्हणाले. "पट्टा कापायचा, पत्रा चिरायचा, खेळ खलास!"

"नाही!" क्षिप्रा एवढ्या जोरात ओरडली की रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. "कापायचं नाही, काका. दादांच्या हातचं आहे."

काका उगाच चष्मा पुसू लागले.

"इकडं आण," सगुणा टोपली उतरवत म्हणाली. "रोज जित्त्या चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधते अन् सोडते. तुझं काय मोठं हाय?" तिने मनगट गुडघ्यांत दाबलं, अंगठ्याने बक्कलाची पिन वर उचलली. एक हात सुटला. मग दुसरा.

क्षिप्राने हातमोज्यांना खोबरेल चोळलं, व्हिडिओतला मुठी मिटण्यापुरता भाग पाठवला आणि खोका पुढे ओढला. अल्पेश चिकटपट्टी घेऊन तयारच होता. सगुणाने निघायला टोपली उचलली. तेवढ्यात उत्तर आलं.

"अप्रतिम! मुठी सुरेख मिटतात. आता फक्त एकट्याने काढून दाखवा."

क्षिप्राने मोबाइलवरून मान वर केली. सगुणाने टोपली पुन्हा खाली ठेवली.