दोन भाकरींचा बिघाड

गिरजाच्या हातची शेवटची भाकर मी ट्रक चालू होत नव्हता म्हणून खाल्ली. झाला असता, तर उपाशीच नांदेडच्या खेपेला निघालो असतो.

ट्रक लढाईतला, लिलावात घेतलेला, पेट्रोल पिणारा. सकाळी समोरून हँडल मारावं लागे. वीस हँडल मारून माझा खांदा उतरायला आला, की अंगणात सडा टाकणारी माझी बायको गिरजा बादली ठेवून यायची. बॉनेटवर शेणाचा हात ठेवून डोळे मिटायची, वैदू नाडी पाहतो तशी.

"बाबू रुसला," म्हणायची. नवऱ्याला अवो, ट्रकला बाबू.

मग प्रश्न. क्रम ठरलेला.

"काल चढाले उभा केलता का उताराले?"

"उताराले."

"पाणी पाजलं?"

"पाजलं."

"तुमी जेवले?"

"माह्या जेवण्यानं ट्रक चालते काय वं?"

"यंत्राले जीव रायते, तोंड नाई रायत. ते धन्याच्या पोटाकडं पाह्यते. बसा."

दोन भाकरी अन् बेसन पोटात गेलं की निकाल लागायचा. "आता ते कॉइलची वायर दाबून पाहा." दाबली की एका हँडलला चालू. बाई शाळेची पायरी चढली नव्हती, पण 'कॉइल' असं म्हणायची, जशी काही ती तिच्या माहेरी वावरात पिकत होती.

मी गावभर सांगायचो, आमची ट्रकची वैदीण आहे, पण तिला रोग एकच माहीत आहे. लोक हसायचे. तीही हसायची.

खरा राग मी करीम मिस्त्रीवर काढायचो. पुसदला त्याच्या दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर म्हणायचो, "मिस्त्री, तुमाले एक वायर बसवता येत नाही. हवा भरायचं दुकान टाका." तो विडी ओढत ऐकायचा अन् वायर पुन्हा घट्ट बसवायचा.

जवळ ढाणकी, महागावला जाऊन संध्याकाळी परत यायचं असलं की ट्रक गुमान चालू व्हायचा. नांदेड, आदिलाबाद, म्हणजे तीन-चार मुक्काम म्हटले की रुसायचा. घरात आम्ही दोघंच, मूलबाळ नाही. मी म्हणायचो, लांबच्या रस्त्याला ट्रक भितो. एवढीच माझी अक्कल.

त्या नांदेडच्या खेपेहून आलो तर गिरजा तापानं आडवी. दोन दिवसांत गेली.

तेरा दिवस ट्रक जागचा हलला नाही. चौदाव्या दिवशी आदिलाबादला निघालो. म्हटलं, आज काही हा चालू होत नाही. दुसऱ्या हँडलला झाला. असा राग आला त्या लोखंडाचा. ती होती तवा नखरे, अन् आता शहाणा झाला.

आदिलाबाद राहिलं. ट्रक थेट मिस्त्रीच्या दारात नेला.

"खरं सांगा मिस्त्री, आता काहून रुसत नाही हा?"

त्यानं बॉनेट उघडलं. कॉइलच्या वायरची रबरी टोपी दाखवली. तिच्या खालच्या अंगाला, जिथं माझा हात कधी गेला नव्हता, वाळलेलं शेण, अन् शेणात दोन बोटांचे ठसे.

"रस्त्याचं शेण इथवर उडत नाही, भाऊ. अन् वायर अपने आप निघत नाही."

"तुमाले माहीत होतं?"

"पाच साल झाले. तुमच्या घरी आलतो तवा भाभीले विचारलं. म्हणे, जेवल्याबिगर जातात, मंग चार दिवस तोंड दिसत नाही."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी उपाशी गेले असते. तुमच्या शिव्यांनं आपलं काय पोट दुखलं?" त्यानं फडकं घेतलं. "पुसू का?"

"राहू द्या."

तसाच घरी परत आलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बॉनेट उघडलं. ठशांना हात न लागू देता वायर बोटभर ओढून ठेवली. चूल पेटवली. भाकर थापता येईना. कडेला फाटली, मधे जळली. दोन खाल्ल्या. मग जाऊन वायर दाबली.